तांत्रिक मार्गदर्शिका ई-पुस्तक म्हणून वाचावी की छापीलच घ्यावी?

विश्रामबागकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डातील काही अडत दुकानांच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर आम्ही तिघे मिळून सांभाळतो आणि त्यातील सर्व डेटा आता पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरवर न्यायचा आहे. त्याची अधिकृत मार्गदर्शिका पीडीएफ स्वरूपात मोफत मिळते, परंतु ती ए-फोर आकाराची आणि सुमारे ३,००० पानांची आहे, आणि माझ्याजवळ आहे ते सहा इंची किंडल. छापील पुस्तक हवे तर मागवून वाट पाहावी लागेल किंवा पुण्याला अप्पा बळवंत चौक गाठावा लागेल. मला पेन्सिलीने खुणा करत वाचण्याची सवय आहे. अनुभवींनी सल्ला द्यावा.

कृष्णाकाठ

मीही छापील पुस्तकांचाच पक्षपाती होतो. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आमच्या तळमजल्यावरील कपाटात पुस्तके फुगून अशी घट्ट बसली, की ती काढण्यासाठी फळ्या उचकटाव्या लागल्या. तरीही छापील तांत्रिक पुस्तके मी सोडली ती पुरामुळे नव्हे. वरच्या फळीवरचे एक पुस्तक कोरडे राहिले होते आणि घोटाळा त्यानेच केला. बॅकअपमधून डेटा परत आणताना ‘रिकव्हरी डॉट कॉन्फ’ नावाची फाइल तयार करावी, असे त्यात छापले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोस्टग्रेस्क्यूएलची आवृत्ती १२ आली, तीत ही फाइल रद्द झाली, आणि डेटाच्या फोल्डरात ती आढळली तर सर्व्हर सुरूच होत नाही. पुढे एका रात्री मी पुस्तकात सांगितल्याबरहुकूम ती फाइल पुन्हापुन्हा तपासून ठेवत होतो आणि सर्व्हर काही उठत नव्हता. मुख्य आवृत्ती दरवर्षी येते आणि प्रत्येकीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात, त्यामुळे आपल्या सर्व्हरवर जी आवृत्ती असेल तिचीच मार्गदर्शिका उतरवून घ्यावी.

मिरज जंक्शन

वरील मताशी सहमत आहे, मात्र सहा इंची पडद्यावर ए-फोरची पीडीएफ वाचण्याच्या फंदात पडू नये. पीडीएफचे पान जसे मांडले तसेच राहते, अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते. ईपब या ई-पुस्तकाच्या दुसऱ्या स्वरूपात मजकूर पडद्याप्रमाणे वाहतो, म्हणून सलग गद्य त्यात उत्तम वाचता येते. परंतु कोडची लांब ओळ मधेच मोडते आणि पायथनसारख्या भाषेत, जिथे ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेलाच अर्थ असतो, तिथे वाचणारा फसतो. कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर पीडीएफचे ईपब करून देते खरे, पण तक्ते आणि कोड बहुधा विस्कटतात. दहा इंची टॅबलेट किंवा संगणकाला जोडलेला दुसरा मॉनिटर हाच बरा उपाय.

आणखी एक खबरदारी घ्यावी. ई-पुस्तकातून आज्ञा कॉपी करून थेट चालवू नये. काही पुस्तकांत दोन हायफनची छपाईच्या सोयीसाठी एक लांब रेघ झालेली असते आणि सरळ अवतरणचिन्हे वळणदार होतात; डोळ्याला फरक जाणवत नाही, आज्ञा चालवणाऱ्या टर्मिनलला मात्र जाणवतो. विकतचे ई-पुस्तक घेताना ते डीआरएमविना (म्हणजे नक्कल रोखणाऱ्या डिजिटल कुलपाविना) आहे का, हे आधी पाहावे. नाहीतर ते एकाच खात्याला आणि एकाच ॲपला बांधलेले राहते.

कोरेगावकर

पेन्सिल सोडण्याची गरज नाही. या मार्गदर्शिकेचा परवाना खुला आहे, त्यामुळे हवी तेवढीच प्रकरणे झेरॉक्सवाल्याकडून छापून स्पायरल बायंडिंग करून घ्यावीत. माझ्या मते बॅकअपचे प्रकरण तर कागदावर हवेच, कारण ज्या दिवशी ते लागते त्या दिवशी नेमका संगणकच बंद पडलेला असतो.

विश्रामबागकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. संपूर्ण पीडीएफ दुसऱ्या मॉनिटरवर ठेवली आहे, किंडल कादंबऱ्यांपुरतेच राहील. बॅकअप आणि एकाच वेळी अनेकांनी केलेल्या नोंदींविषयीचे, अशी दोन प्रकरणे आज पाठपोट छापून आणली आणि मुखपृष्ठावर आमच्या सर्व्हरचा आवृत्ती क्रमांक लाल शाईने लिहिला. दुसऱ्या प्रकरणात मी चौथ्या पानावरच अडलो आहे, त्याविषयी वेगळा धागा काढतो.