‘निदान: दहा जोड्या’ की ‘निदान दहा जोड्या’?

लेखणीवाली:
जंगलातल्या पाचोळ्यात आणि त्याखालच्या मातीत राहणाऱ्या माइटच्या (कोळ्याच्या नात्यातल्या बारीक जीवाच्या) एका नव्या जातीचे वर्णन मी सध्या मराठीत आणते आहे. अशा लेखांची मांडणी ठरलेली असते. आधी नाव, मग डायग्नोसिस (ही जात इतरांपासून कशाने वेगळी, ते), मग सविस्तर वर्णन आणि शेवटी मूळ नमुना कुठे जपून ठेवला आहे त्याची नोंद. डायग्नोसिससाठी कोशात पहिला शब्द सापडतो तो ‘निदान’, म्हणून मी लिहिले, ‘निदान: पाठीच्या ढालीवर दृढरोमांच्या दहा जोड्या’ (दृढरोम म्हणजे अंगावरचे ताठ केस). मुद्रितशोधकांना ती दोन टिंबे म्हणजे चुकून पडलेला विसर्ग वाटला असावा. त्यांनी तो काढला आणि मुद्रित हाती आले ते असे: ‘निदान पाठीच्या ढालीवर दृढरोमांच्या दहा जोड्या’. आता वाचणारा असेच समजणार की कमीत कमी दहा हव्यात, अधिक असल्या तरी हरकत नाही. या गटात ही संख्या नेमकी सांगण्यावरच तर सारी ओळख अवलंबून असते. चूक त्यांची म्हणावी, माझी म्हणावी की शब्दाची? दुसरा शब्द कोणी सुचवेल का?

भिंगवाला:
चूक शब्दाची आहे, असे माझे मत आहे. वैद्य लक्षणांवरून रोगापर्यंत पोचतो, त्याला आपण निदान म्हणतो. इथे प्राणी आधीच काचपट्टीवर आहे आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतर जातींपासून तो कशाने वेगळा पडतो, एवढेच सांगायचे असते. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार 1930 नंतर दिलेले नाव ग्राह्य ठरायचे, तर हे वेगळेपण सामान्यतः शब्दांत मांडावे लागते, नुसते चित्र देऊन भागत नाही. म्हणजे तुम्ही ज्या मथळ्यावर अडला आहात, तो लेखातला सर्वांत जबाबदारीचा परिच्छेद आहे.

हे वेगळेपण दिसते कसे, तेही सांगतो, कारण त्यावरून शब्द सुचेल. पाचोळा चाळणीवर पसरून खाली नरसाळे आणि वर दिवा लावतात. वरून पाचोळा वाळत जातो, तसतसे आतले जीव ओलाव्याच्या शोधात खाली सरकतात आणि नरसाळ्यातून अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. (नरसाळे बर्लेसे यांचे, 1905 सालचे; त्यावर विजेचा दिवा टुलग्रेन यांनी 1918 मध्ये आणला.) ऑरिबॅटिड गटातले माइट तपकिरी आणि चिलखती असतात, बहुतेक एक मिलिमीटरपेक्षा लहान. ते लॅक्टिक आम्लात ठेवून पारदर्शक होण्याची वाट पाहावी लागते. मग डोक्याकडच्या भागावर, दोन्ही बाजूंच्या वाटीसारख्या खळग्यांतून निघालेला एकेक वेगळाच रोम दिसतो. तो एका जातीत टाचणीसारखा टोकाला फुगलेला, दुसरीत दोऱ्यासारखा, तिसरीत कंगव्यासारखा दातेरी असतो. पायाला नख एक की तीन, हेही पाहायचे. यातले जे शेजारच्या जातीत नाही, तेवढेच डायग्नोसिसमध्ये येते. बाकी सगळे वर्णनात.

कानामात्रा:
मग शब्द तयारच आहे: ‘व्यवच्छेदक लक्षणे’. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत, अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. नव्या जातीचे लक्षण असे केले की त्यात शेजारची जातही बसते, तर ती अतिव्याप्ती. त्याच जातीचे काही नमुने बाहेर राहिले, तर अव्याप्ती. भिंगवाला यांनी जे काम सांगितले, ते आपले नैयायिक गाय आणि तिच्या गळ्याखाली लोंबणारी कातड्याची पोळी हा दाखला घेऊन कित्येक शतके करत आले आहेत. इतका नेमका शब्द हाताशी असताना ‘निदान’ का ओढून आणावे, ते मला समजत नाही.

दावेदार:
‘निदाना’ला इतके हिणवू नये. ऋग्वेदात निदान म्हणजे बांधायची दोरी, वासराचे दावे. ‘नि’ आणि बांधणे या अर्थाचा ‘दा’ धातू, अशी त्याची घडण आहे. पुढे कार्य ज्याला बांधलेले असते ते मूळ कारण, त्यावरून रोगाचे कारण शोधणे, आणि शेवट या अर्थावरून आपले ‘निदान इतके तरी कर’. माझी समजूत अशी (कोशात ती मिळणार नाही) की दावे जितके लांब, तितकेच वासरू फिरते, आणि जातीचे नाव लक्षणाच्या दाव्याला बांधलेले असते. त्या अर्थाने ‘निदान’ मला अत्यंत योग्य वाटते. मुद्रितशोधकाच्या चुकीसाठी शब्दाला फाशी कशाला?

लेखणीवाली:
व्युत्पत्ती सुंदर आहे, परंतु वाचक दाव्यापर्यंत पोचण्याआधी ‘कमीत कमी’पाशीच थांबतो, ही माझी अडचण आहे. ‘व्यवच्छेदक लक्षणे’ पटते. तरीही ते दर वेळी लिहायचे म्हणजे मजकुरापेक्षा मथळा जड. ‘भेदलक्षणे’ किंवा नुसते ‘वेगळेपण’ चालेल का?

शुद्धमती:
आपण मथळ्यावर वाद घालत आहात आणि मजकुरात ‘माइट’ हा परका शब्द निर्धास्त बसला आहे, याचे आश्चर्य वाटते. शेतीच्या लिखाणात ‘लाल कोळी’ हा शब्द रुळलेला आहे. ‘कोळी’ लिहावे.

भिंगवाला:
तो लिहून पाहिला आहे आणि पस्तावलो आहे. पाचोळ्यात खरे कोळीही असतात. ‘कोळ्यांचे भक्ष्य झालेले कोळी’ असे वाक्य एकदा माझ्याच हातून छापून गेले, आणि कोणी कोणाला खाल्ले हे मलाही दुसऱ्यांदा वाचून कळले. रक्त पिणारी ती गोचीड, हे लोकांनी वेगळे काढले. बाकीच्यांना एकत्रित नाव दिलेच नाही.

शुद्धमती:
दिले आहे. मृगाचा किडा, तो मखमली लाल, हा माइटच. लोकांनी ‘किडा’ म्हटले, आपणही म्हणावे. ‘मातीतले किडे’ यात काय वाईट?

कानामात्रा:
किडा म्हटले की वाचक कीटक समजतो आणि सहा पाय मोजू लागतो. माइट आठ पायांचे.

भिंगवाला:
प्रौढ माइट आठ पायांचे. अंड्यातून निघालेली अळी बहुधा सहाच पायांची असते, चौथी जोडी पुढच्या अवस्थेत येते. म्हणजे पाय मोजून भाषा ठरवायची, तर पिल्लू किडा आणि आई कोळी. ‘माइट’ राहू द्या. मातीत ते कोणाचीही परवानगी न घेता राहतात, भाषेतही राहतील.

शुद्धमती:
विनोद म्हणून ठीक आहे. परंतु हीच सवलत दिली म्हणून आज ‘स्पीशीज’साठी सर्रास ‘प्रजाती’ छापले जाते. आपल्या परिभाषेत जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ती प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती. हिंदीत प्रजाति म्हणजे स्पीशीज, तिथून ते उचलले गेले. एकाच लेखात एक नवा जीनस आणि त्यातल्या दोन नव्या स्पीशीज आल्या, तर ‘एक नवी प्रजाती आणि दोन नव्या प्रजाती’ असे लिहिणार का?

कानामात्रा:
या एका मुद्द्यावर मी शुद्धमती यांच्या बाजूने आहे. मात्र ‘जात’ या शब्दाला चिकटलेला दुसरा अर्थ टाळावा म्हणून अनेक जण ‘प्रजाती’कडे वळतात, त्याला आळस म्हणता येणार नाही. जीनससाठी ‘वंश’ घेतला तर निम्मा गोंधळ मिटतो.

दावेदार:
वंश म्हणजे मुळात बांबू. पेरावर पेर, म्हणून पिढीवर पिढी.

लेखणीवाली:
बांबू माझ्या लेखात सुदैवाने नाही. मुद्रित परत पाठवायचे आहे, म्हणून तूर्त ‘व्यवच्छेदक लक्षणे’ हा मथळा स्वतंत्र ओळीत टाकते, पुढे टिंबे देत नाही, आणि मजकुरात ‘दहाच जोड्या’ असे ‘च’ लावून लिहिते. ‘भेदलक्षणे’ कोणी वापरले असेल तर वाक्यासह सांगावे.

दावेदार:
‘च’ लावलात तर एखादा अकरा जोड्यांचा नमुना सापडेल तेव्हा पंचाईत होईल. ‘निदान’ ठेवले असते तर निभावून गेले असते.

पाचोळा:
उशिरा आलो. लेखाच्या शीर्षकात ‘पालापाचोळ्यातील’ आहे की ‘पाचोळ्यातील’? पाला हिरवा, पाचोळा वाळलेला. नरसाळ्यावर ठेवलेल्यात पाला होता का?