गॅट्सबी पैशानं नासला का आधीपासूनच तसा होता? (असाइनमेंट आहे, मदत करा)

कपाशीतला_वाचक
नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यातला, बीए फायनल, इंग्लिश लिटरेचर. मॅडमनी 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी दिलीय, गॅट्सबी तिचा नायक, विषय काय तर भौतिकवादानं माणूस कसा नासतो. पुस्तक १९२५ चं, गोष्ट १९२२ च्या उन्हाळ्यातली, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडची. गाइडमधी एकच रट आहे, पैसा वाईट, पार्ट्या वाईट, गॅट्सबी हावरा. पण मी वेचणीच्या दिवसात रात्री रात्री बसून पुस्तकच वाचून काढलं अन् मला तर तो हावरा वाटलाच नाही, हजारभर लोकं याच्या घरी फुकट खाऊन पिऊन राहिले अन् हा बाबा स्वतः दारूला हातही लावत नाही, पायऱ्यांवर एकटा उभा. मग नासलं कोण?
अजून एक, तो डेझीला, म्हणजे त्याच्या जुन्या प्रेमाला, घर दाखवतो, कपाटातून शर्टावर शर्ट काढून फेकतो अन् ती त्या ढिगात तोंड खुपसून रडते की इतके सुंदर शर्ट कधी पाहिले नाही. शर्टासाठी कोण रडतं? बहिणीला सांगितलं तर ती अर्धा तास हसली.

संत्र्याची_बाग
शर्टासाठी नाही रडत ती. पाच वर्षं आधी गॅट्सबी फौजेत होता, खिशात काही नाही, अंगावर वर्दी होती म्हणून तिच्या घरात शिरता आलं. ती थांबली नाही, श्रीमंत टॉमशी लग्न केलं, त्यानं लग्नाच्या आदल्या दिवशी साडेतीन लाख डॉलरची मोत्याची माळ दिली. त्या रात्री ती दारू पिऊन पडलेली, हातात एक पत्र (कोणाचं ते पुस्तक सांगत नाही, पण आपल्याला कळतं), म्हणते माळ परत करा. अन् अर्ध्या तासात तीच माळ गळ्यात, दुसऱ्या दिवशी लग्नाला उभी. आता या शर्टांकडे पाहून तिला दिसते की अरे हा पण झाला असता की एवढा मोठा, आपणच घाई केली. असं मला वाटते बुवा. म्हणजे प्रेमाचा हिशेब पण कपड्यातच. नासणं नासणं म्हणतात ते हे.

चांदा_पॅसेंजर
पैसा आला कुठून ते पण लिहाना भाऊ. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. गॅट्सबी अन् त्याचा धंद्यातला जोडीदार वुल्फशीम, दोघांनी गल्लीबोळातले मेडिकल स्टोअर घेतले अन् काउंटरवरून दारू विकली. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ बंदी होती, तुमचा वर्धा जिल्हा तर १९७४ पासून कोरडा आहे म्हणतात (हसू नका 😄), त्यामुळं हे आपल्याला समजावून सांगाची गरजच नाही. बंदीत कोणाचे दुमजली घरं उठतात अन् गणपतीची वर्गणी सगळ्यात जास्त कोण देतो हे गावातल्या शेंबड्या पोरालेही माहीत असते. अन् त्याच्याच मांडवात जेवाले पण सगळेच जातात.

धामणगावकर
सेम आपल्याकडं समृद्धी महामार्गाचे पैसे आले तेव्हा झालं. जमीन गेली, मोबदला आला, पोरायनं गाड्या घेतल्या, दोन वर्षात सगळं सफाचट. गॅट्सबीच आहेत हे सगळे.

बोलेरोवाला
थांब बे. माझ्या बापानं त्याच पैशात बोलेरो घेतली, आयुष्यभर एसटीची वाट पाहिली त्या माणसानं. त्यात काय नासलं? तुम्हाला गरिबानं गाडी घेतली की लगेच भौतिकवाद दिसतो, अन् ज्याच्या घरी तीन पिढ्यांपासून चार गाड्या आहेत त्याले म्हणता खानदानी. पुस्तकातही तेच आहे ना, टॉमची इस्टेट बापजाद्याची म्हणून तो प्रतिष्ठित अन् गॅट्सबीची पिवळी गाडी पाहून नाक मुरडतो, सर्कस म्हणतो. स्वतः मात्र दुसऱ्याची बायको फिरवून राहिला.

धामणगावकर
बरं भाऊ, माझं चुकलं. गाडीबद्दल नव्हतं म्हणायचं.

संत्र्याची_बाग
बोलेरोवाल्याचा मुद्दा घे रे पोरा, गाइडमधी नाही भेटणार. अन् त्या दुसऱ्याच्या बायकोचंच बघ, मर्टल. नवरा विल्सन राखेच्या त्या भकास पट्ट्यात गॅरेज चालवतो, साधा माणूस. हिचं मन कधी उडालं? लग्नात त्यानं घातलेला सूट दुसऱ्याकडून मागून आणलेला होता अन् हिला सांगितलं नाही, एक दिवस तो मालक सूट परत न्यायला दारात आला तेव्हा कळलं. त्या दिवशी दुपारभर रडली. एका बाईचं रडणं शर्टाचं, दुसरीचं सुटाचं. पुढं मर्टलला उडवते गॅट्सबीची गाडी, चालवत असते डेझी, अन् मरतात कोण? मर्टल, विल्सन, गॅट्सबी (गाडी गॅट्सबीची म्हणून विल्सन त्याला गोळी घालतो अन् मग स्वतःला). डेझी अन् टॉम सामान बांधून पत्ता न ठेवता निघून जातात.

चांदा_पॅसेंजर
अन् मातीले कोणी येत नाही ते विसरू नका. वुल्फशीम, ज्यानं याले धंद्यात उभा केला, तो म्हणते मी यात पडत नाही. महिनोन् महिने फुकट राहिलेला एक पाहुणा फोन करते, आपल्याला वाटते मातीचं विचारते, तर तो म्हणते माझे टेनिसचे बूट तिथं राहिले ते पाठवून द्या. येतो कोण तर बाप, तिकडून लांबून, साधा कोट घालून, पाकिटात पोराच्या हवेलीचा फोटो, हात लागू लागू मळलेला. हवेलीत उभा राहून हवेलीचाच फोटो दाखवते. मी इथं पुस्तक खाली ठेवलं होतं. आमच्या गल्लीतले एक काका आहेत, पोरगा पुण्याले, फ्लॅटचा फोटो मोबाइलमधी, प्रत्येकाले दाखवतात, अजून स्वतः गेले नाही तिथं.

कपाशीतला_वाचक
सगळ्यांना थँक्यू राजेहो. गाइड ठेवून दिलं, सुटावरच लिहितो. सोमवारी सबमिट करायचं आहे. ताईच्या लग्नात मी घातलेला कोट आतेभावाचा होता, अजून परत द्यायचाय, तेवढं कोणी फोडू नका.