डेटिंगला रामराम ठोकलेली माझी रूममेट (तुमचेही अनुभव लिहा)

जांभळी टोपी
घर बदलतेय. काल कपाटाच्या तळाशी सॅटिनची जांभळी बॉनेट (झोपताना केसांवर घालायची टोपी) सापडली आणि तिथेच फतकल मारून बसले. २०१६ मध्ये अमेरिकेत मेरीलँडला, सिल्व्हर स्प्रिंगमध्ये, एका कृष्णवर्णीय मुलीबरोबर राहत होते, तिने दिलेली. ती तेव्हा २६ वर्षांची, हॉवर्ड (हार्वर्ड नव्हे) विद्यापीठातून शिकलेली.

रविवार हा तिचा केस धुण्याचा दिवस. सकाळी बसली की संध्याकाळच. अशाच एका रविवारी डोक्याला कंडिशनर थापलेलं असताना तिने फोनमधली तिन्ही डेटिंग अ‍ॅप्स उडवली. मला वाटलं, कुणीतरी फसवलं असणार. तसं काहीच नव्हतं. म्हणाली, निम्म्या मेसेजांची सुरुवात 'केसांना हात लावू का' नाहीतर 'काळ्या मुलीबरोबर कधी गेलो नाही' अशी. "मी कुणाचा पहिला अनुभव व्हायला बसलेली नाही." उरलेले उत्तरच देत नव्हते.

मी शहाणी. म्हटलं, फोटो बदलून बघ की! तिने न बोलता ओकेक्युपिड या डेटिंग साइटने स्वतःच २००९ साली मांडलेले आकडे काढून दाखवले. काळ्या स्त्रिया सर्वांत जास्त उत्तरं देतात आणि त्यांना सर्वांत कमी मिळतात. २०१४ मध्ये पुन्हा आकडे आले, चित्र तेच. मी गप खिचडी वाढली.

सगळे तिला 'किती खंबीर गं तू' म्हणायचे, त्या शब्दाचा तिला फार राग. नंतर कितीतरी महिने ती शनिवारी फक्त झोपायची.

कुणी असं थांबलंय का तुमच्यात?

दुपारचा चहा
मी. पुण्यात, अ‍ॅप नाही, विवाह मंडळ. फॉर्मवर बाबांनी वर्ण 'निमगोरी' लिहिला. मी चांगली सावळी आहे. नावच काढून घेतलं. तिच्याशी तुलना नाही करत हां, अमेरिकेत काळ्यांना बसवायचे तसं माझ्या आजोबांना कुणी बसमध्ये मागे बसवलं नव्हतं. कुकर झाला, येते.

पायवाट
@चहा, तुमच्या नसेल बसवलं. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर येऊ देत नसत. आणि मला आडनाव सांगितल्यावर दोन मुलगे 'बिझी' झाले. दुसऱ्यानंतर मीही बंद केलं. तिचं ते वाक्य मला समजावून सांगायला नको.

दुपारचा चहा
खरंय. न विचार करता लिहिलं. सॉरी.

नागपुरी संत्रं
तीन अ‍ॅप्स!! इथे एकच घेतलं तर त्यावर सख्खा चुलतभाऊ निघाला. त्याने लाइक पण केलं होतं, बिनचष्म्याचा. आता दिवाळीत समोरासमोर फराळ.

दुपारचा चहा
हहपुवा

डॅलसचा बाळ्या
लिहू की नको करत होतो. २०१५ च्या सुमारास मी त्या उत्तर न देणाऱ्यांतलाच. फिल्टरमध्ये वंश निवडायचा रकाना होता, मी दोन खुणा केल्या आणि पुढे गेलो. दहा सेकंदही लागले नसतील. आई विमानतळावर म्हणाली होती, "गोरी आणलीस तरी चालेल, पण..." वाक्य तिने अर्धंच सोडलं होतं, पुरं मी केलं.

पायवाट
बरं केलंत लिहून.

रिचमंडची काकू
आमच्या व्हर्जिनियातच लव्हिंग दांपत्याला लग्न केलं म्हणून १९५८ मध्ये अटक झाली होती. ती काळी, तो गोरा. १९६७ ला सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला बंदी घालणारा तो कायदाच रद्द केला. कायदा गेला, पण आमच्या मंडळाच्या गणपतीत भाची काळ्या मित्राला घेऊन आली तर आरती संपेपर्यंत सगळ्यांच्या माना मागे. मोदक मात्र त्याने नऊ खाल्ले, मीच वाढले.

नागपुरी संत्रं
नऊ! जावई पक्का.

मीच ती
२०२४ मध्ये बंबल या डेटिंग अ‍ॅपने फलक लावले होते ना, ब्रह्मचर्य हा काही उपाय नव्हे अशा धर्तीचे? बायका इतक्या भडकल्या की माफी मागून उतरवावे लागले. दुकान बंद पडेल ही भीती, दुसरं काय. (मोबाईलवरून लिहितेय, पोरगा पायात.)

सदूभाऊ ठाणे
पण शेवटी झालं का तिचं लग्न?

जांभळी टोपी
भाऊ, तिची जॉर्जियातली आजी दर फोनला हेच विचारायची :) मी नंतर ओहायोला गेले. मध्यंतरी फोन झाला तेव्हा पाऊण तास छताच्या गळतीवर बोललो. तिने घर घेतलंय. कंत्राटदाराला घातलेल्या शिव्या इथे लिहिता येणार नाहीत.

मीच ती
अवांतर: ती बॉनेट केसगळतीला चालते का? लेकीचे कुरळे आहेत, सकाळी विंचरताना रोज महाभारत.

जांभळी टोपी
गळतीचं माहीत नाही, गुंता कमी होतो. आणि कोरडे विंचरू नकोस गं, ओले असताना कंडिशनर लावून, खालून वर. मलाही तिनेच शिकवलं.

रिचमंडची काकू
टोपी नसेल तर उशीला जुन्या सॅटिनच्या परकराचा अभ्रा शिव. नाडी काढून.