स्फटिकात इलेक्ट्रॉन परततो तरी कुठे?

प्रश्न (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, सांगली)
अणूतून उच्च हार्मोनिक (लेसरच्या वारंवारतेच्या पूर्णांक पटींचा प्रकाश) कसे निघतात, हे तीन पायऱ्यांचे चित्र मला समजले आहे. लेसरच्या विद्युतक्षेत्राने इलेक्ट्रॉन सुटतो, क्षेत्राची दिशा उलटली की मागे फिरतो आणि आपल्याच आयनावर आदळून कमावलेली ऊर्जा फोटॉनच्या रूपाने देऊन टाकतो. पण स्फटिकात अणू एकमेकांना खेटून बसलेले असतात. तिथे त्याने परतायचे कोणाकडे? आणि रेणूंच्या बाबतीत काय बदलते?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, सातारा)
आधी वायूचा, म्हणजे सुट्या अणूंचा, हिशेब पक्का करा, कारण फरक त्यातूनच उघड होतो. ८०० नॅनोमीटरचा लेसर आणि दर चौरस सेंटिमीटरला १ वर १४ शून्ये इतके वॅट तीव्रता घेतली, तर क्षेत्रात हेलकावणाऱ्या इलेक्ट्रॉनची सरासरी गतिज ऊर्जा सुमारे ६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. परतताना तो जास्तीत जास्त तिच्या ३.१७ पट ऊर्जा आणतो. तीत आरगॉनची १५.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आयनीकरण ऊर्जा मिळवली की फोटॉनच्या ऊर्जेची मर्यादा ३५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास येते. म्हणजे ही मर्यादा क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे वाढते.

शंभू घिमिरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये झिंक ऑक्साइडच्या स्फटिकावर ३.२५ मायक्रोमीटरचा लेसर टाकला, तेव्हा पंचविसाव्या हार्मोनिकपर्यंत प्रकाश मिळाला आणि मर्यादा मात्र क्षेत्राच्या सरळ प्रमाणात वाढताना दिसली. तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे, की स्फटिकात इलेक्ट्रॉन एका अणूचा नसतोच. तो कंडक्शन बँडमध्ये, म्हणजे जिथे तो स्फटिकभर फिरू शकतो अशा वरच्या ऊर्जापट्ट्यात, चढतो, खाली होल, म्हणजे त्याची रिकामी जागा, राहतो, आणि दोघेही क्षेत्रात धावतात. ते पुन्हा एकत्र आले की हार्मोनिक निघतो. शिवाय बँडच्या कडेकडे संवेगानुसार ऊर्जेचा आलेख पॅराबोलासारखा राहत नाही, त्यामुळे एकाच बँडमध्ये धावतानाही इलेक्ट्रॉनचा वेग क्षेत्राच्या तालाशी तंतोतंत जुळत नाही आणि तेवढ्यानेही हार्मोनिक उमटतात.

उत्तर (तंबोऱ्यांच्या कारागिरांच्या घरातला, मिरज)
सरांचा शेवटचा मुद्दा मला हाताने कळतो. जवारी (तंबोऱ्याच्या नादातली झणक) लावताना घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकवला की एका ठिकाणी खर्जाच्या तारेतून वरचे स्वर एकदम फुटतात, कारण तार दर कंपनात घोडीच्या पृष्ठाला घासू लागते आणि तिची चाल साधी राहत नाही. मात्र तुलना इथेच थांबवावी. वायूच्या वर्णपटात सुरुवातीच्या उतारानंतर अनेक हार्मोनिक जवळपास सारख्याच तीव्रतेचे येतात, आणि तेही फक्त विषम, कारण दर अर्ध्या आवर्तनाला तीच घटना उलट्या चिन्हाने घडते. झिंक ऑक्साइडच्या रचनेत दोन्ही दिशा सारख्या असण्याची ही सममिती नाही, म्हणून योग्य दिशेने लेसर टाकल्यास सम हार्मोनिकही मिळतात.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, सातारा)
रेणूचे राहिले होते. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन अणूंत सुमारे २.३ आंगस्ट्रॉम अंतर असते, आणि ३० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे २.२ आंगस्ट्रॉम. परतणारी लाट दोन्ही टोकांवर एकदमच पोचते असे नाही, त्यामुळे रेणू लेसरच्या दिशेशी कसा वळलेला आहे त्यानुसार काही हार्मोनिक व्यतिकरणाने दबतात. म्हणून प्रयोगात आधी एका हलक्या लेसर स्पंदाने रेणू एका दिशेत रांगेला लावतात आणि मगच मुख्य स्पंद सोडतात.