झेड४ चं सस्पेन्शन: खान्देशचे रस्ते आणि ट्रॅक, दोन्हीकडे चालेल असं काय बसवू?

मंडळी, मदत हवी आहे. धागा थोडा लांबेल, चालवून घ्या.

गाडी बीएमडब्ल्यू झेड४, ई८९ (म्हणजे त्या पिढीचा कंपनी कोड), ३५आय. २०११ चं मॉडेल, मुंबई पासिंग, सेकंडहॅन्ड. तीन लिटरचं ट्विन टर्बो, ३०६ हॉर्सपॉवर, वर दुमडणारं ॲल्युमिनियमचं छप्पर. इंजिनाची तक्रार नाही, तक्रार खालच्या अंगाची आहे.

मुक्काम जळगाव. रोजचं भुसावळ, आणि सुटीला पहाटे उठून धुळ्यावरून शिरपूर-पळासनेर. हायवे आता बरे आहेत. पण आतले रस्ते काळ्या मातीवर. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात तडकते, आणि वर डांबर कितीही चोख टाकलं तरी थोड्याच काळात रस्त्याला लाटा येतात. यावल-रावेरकडे केळीच्या भरल्या ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या त्या वेगळ्याच. खड्डा चुकवता येतो हो, लाट कशी चुकवणार? ऐंशीच्या वेगाला मागचं टोक दबतं, उसळतं आणि सावरायच्या आत पुढची लाट हजर. मागच्या डाव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे, त्यावर धूळ बसून काळा चिकटा झालाय. म्हणजे बदलायचे तर आहेतच.

जानेवारीत मित्रांबरोबर कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर जायचं घाटतंय. आपल्याला जवळ पडतं ते पिठमपूरचं नॅट्रॅक्स (गाड्यांच्या चाचणीचे ट्रॅक), पण तिथला ११.३ किलोमीटरचा ओव्हल म्हणजे नुसता वेग, आणि मला वळणं हवीत. म्हणून विचार केला, एकाच खर्चात दोन्ही भागवू.

गॅरेजवाल्यांचा सल्ला एकच: कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) टाका, गाडी खाली बसवा, मस्त दिसेल. दिसेल हो, पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो गतिरोधक आहे तो नगरपालिकेने नव्हे, गल्लीने बांधलाय. माझ्या गाडीला इलेक्ट्रॉनिक शॉकअपवालं ॲडॅप्टिव्ह सस्पेन्शन आहे, ते साध्यापेक्षा १० मिलिमीटर आधीच खाली असतं. अजून खाली नेली तर पुढच्या बंपरचा ओठ तिथेच राहील.

माझा कल असा: उंची आहे तीच ठेवायची, स्प्रिंग कंपनीचेच, शॉकअप मात्र चांगले मोनोट्यूब (एकाच नळीचे). बिल्स्टाईन कंपनीच्या शॉकअपमध्ये बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी आणि बी८ आखूड स्प्रिंगसाठी, एवढा अभ्यास झालाय. केडब्ल्यू कंपनीचं व्ही३ कॉइलओव्हर पण डोक्यात आहे, कारण त्यात रिबाउंड (उसळणं) आणि कॉम्प्रेशन (दबणं) दोन्ही वेगवेगळं लावता येतं. पण ते बजेटबाहेर चाललंय, आणि सेटिंगचे क्लिक मोजत बसणारा माणूस मी नाही.

विचारायचंय ते हे. इलेक्ट्रॉनिक शॉकअप काढून साधे टाकले तर डॅशबोर्डवर काय गोंधळ होतो? छप्पर उघडणाऱ्या गाडीचा सांगाडा मुळात थोडा मऊ, कडक सेटिंगने छपराचे सांधे कुरकुरायला लागतील का? आणि जुने बुश (सांध्यांतले रबर) तसेच ठेवून नवे शॉकअप टाकणं म्हणजे पैसे पाण्यात का?

प्रतिसाद, नाशिकहून:
भाऊ, शॉकअपच्या आधी टायर बघा. ई८९ कंपनीतून रनफ्लॅटवर (हवा गेली तरी काही अंतर चालणाऱ्या टायरवर) येते. त्या टायरची बगल इतकी ताठ की निम्मे धक्के तिथूनच आत येतात आणि शिव्या सस्पेन्शन खातं. साधे चांगले टायर टाका, गाडी बदललीय असं वाटेल. फक्त डिकीत स्टेपनी नाही हे ध्यानात ठेवा. पंक्चर किट आणि छोटा कंप्रेसर कायम सोबत. पळासनेरच्या पुढे घाटात रात्री अडकलात तर केळीवालेच सोबतीला.

प्रतिसाद, पुण्याहून (स्वतःची ई४६, म्हणजे बीएमडब्ल्यूची जुनी ३ सिरीज, ट्रॅकवर नेणारा):
कल बरोबर आहे तुमचा. लाटांच्या रस्त्यावर कडक स्प्रिंग नको, रिबाउंडवर पकड असलेला शॉकअप हवा. मोनोट्यूबमध्ये तेल गॅसच्या दाबाखाली असतं, त्यामुळे तापलं तरी फेसाळत नाही. ट्रॅकवर लागोपाठ लॅप मारताना आणि तुमच्याकडच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात, दोन्हीकडे कामाचं.

इलेक्ट्रॉनिक काढले की वॉर्निंग लागणार. एकतर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये कोडिंग करून ती सिस्टिम बंद करायची, नाहीतर शॉकअपच्या प्लगला कॅन्सलेशन मॉड्यूल (वॉर्निंग येऊ न देणारा छोटा डबा) लावायचं. मॉड्यूल बरं, उद्या गाडी विकताना परत मूळ करता येते.

बुश मात्र आधी. पुढचे कंट्रोल आर्म आणि मागचे आर्म, सगळे. आणि एक गोष्ट मेकॅनिकच्या डोक्यावर उभं राहून करून घ्या: आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना शेवटचे आवळू देऊ नका. रबरी बुश त्या लटकत्या अवस्थेत जखडला जातो, मग चाक जमिनीवर आलं की तो कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. चाकांवर वजन घेऊनच आवळायचे.

मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसतात, त्यामुळे मागचे बदलणं सोपं. पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र) आहे, तो उतरवलाच आहे तर वरचं माउंटिंग आणि बंप स्टॉपही नवे टाका, मजुरी एकदाच.

प्रतिसाद, धुळ्याहून:
भो, इतला खर्चा करापेक्षा एक बोलेरो ली ले ना.

(बाकी शुभेच्छा. गाडी चक्कर मारायला धुळ्याला आणा.)

प्रतिसाद, पुण्याहून पुन्हा:
😄 एक राहिलं. ट्रॅकवर तुमच्या पुढच्या टायरची बाहेरची कड झिजेल, कारण रोडसाठी पुढचा कॅम्बर (चाकाचा आत झुकलेला कल) फार कमी ठेवलेला असतो. ई९० ला (ई४६ नंतरची ३ सिरीज) स्ट्रट टॉवरवरची पिन काढून थोडा निगेटिव्ह कॅम्बर मिळतो. तुमच्या गाडीला तशी सोय आहे का ते बॉनेट उघडून बघा. नसेल तर कॅम्बर प्लेट, पण रोज भुसावळ करणाऱ्याने त्या नादी लागू नये, बेअरिंगचा खडखडाट कानात बसतो. ब्रेक ऑइल जायच्या आधी ताजं टाका. आणि आयोजकांना उघड्या गाडीचा नियम आत्ताच विचारून ठेवा. सीटमागच्या मूळ रोल हूपवर (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानीवर) भागतं की नाही हे जो-तो आयोजक आपापलं ठरवतो.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. धुळेकर, बोलेरो घरी आहेच, शेतासाठी.

तर आता क्रम असा: आधी बुश आणि साधे टायर, ते टाकून महिनाभर चालवतो, मग मूळ उंचीचे मोनोट्यूब आणि मॉड्यूल. छपराच्या कुरकुरीबद्दल अजून कोणी बोललं नाही. ई८९ किंवा मर्सिडीजची जुनी एसएलके असलेल्यांनी दोन ओळी लिहाव्यात. सील कशाने पुसता, सिलिकॉन ग्रीस लावता का?

आणि जळगाव-धुळे-नाशिक पट्ट्यात टॉर्क रेंच खरंच वापरणारा, गाडी चाकांवर घेऊन बोल्ट आवळणारा मेकॅनिक माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रॅम्प लांब उताराचा असला पाहिजे, नाहीतर पुढचा ओठ तिथेच जाईल.