एमएक्स-५ एनए: पट्ट्यावरचा स्टीअरिंग पंप काढून इलेक्ट्रिक पंप बसवायचाय

एनए_नव्वद
मंडळी, गाडी १९९० ची माझदा एमएक्स-५ (पहिली पिढी, म्हणजे एनए), इंजिन मूळचंच १.६, इंग्लंडात, वापर मुख्यतः ट्रॅक डेला. एसी आधीच काढलेला आहे, म्हणजे पॉवर स्टीअरिंगचा पंप गेला की तो पट्टा अख्खाच जातो आणि टर्बोच्या पाइपला जागा होते. रॅक (स्टीअरिंगचं वळण पुढच्या चाकांपर्यंत नेणारा दांडा) मूळचा पॉवरचाच ठेवायचाय.
ओपेल/व्हॉक्सहॉल अ‍ॅस्ट्रा जीचा टीआरडब्ल्यू पंप भंगारात स्वस्त मिळतोय. व्होल्व्हो एस४० चाही आहे. कुठला घेऊ? वायर किती जाड लागेल? रॅकमध्ये आत्ता एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आहे, तेच चालेल का? की पंपाचा नादच सोडून रॅकच्या दोन नळ्या एकमेकांना जोडून टाकू?

बारा_व्होल्ट
दोन्हींपैकी कुठलाही पंप या गाडीला पुरून उरेल. दीड टनाच्या आसपासच्या गाड्यांसाठी बनलेत ते, तुमची टनभरसुद्धा नाही. घोडं पेंड खातं ते विजेपाशी.
पंप सरळ रस्त्यावर साधारण ५ ते १० अँपिअर ओढतो. उभ्या गाडीत चाकं टोकाला नेलीत की ६० च्या वर उडी मारतो. तुमचा मूळ अल्टरनेटरच ६० अँपिअरच्या आसपासचा, तोही पूर्ण वेगात फिरताना. आयडलला (गाडी उभी, इंजिन मंद चालू) त्याच्या निम्मंही हाती लागत नाही. म्हणजे पार्किंगमधला तो झटका बॅटरीनेच सोसायचा, आणि एनएची बॅटरी डिकीत!
आता हिशोब करा. डिकीपासून पुढच्या चाकाच्या कोपऱ्यापर्यंत वळणं धरून साडेचार मीटर. ६ चौरस मिमी तांब्याच्या वायरीत ६० अँपिअरला पाऊण व्होल्ट वाटेतच संपतो. १६ चौरस मिमी घातलीत तर ०.३ व्होल्टच्या आत राहतो. तेव्हा १६ चीच घ्या. बोनेटखालच्या मेन फ्यूजमधून फाटा काढू नका, त्याच्यावर आधीच सगळ्या गाडीचा भार आहे. बॅटरीच्या प्लस टर्मिनलवरून स्वतंत्र वायर, तिला पहिल्या २०-३० सेंमीतच ८० अँपिअरचा बोल्टवाला मिडी फ्यूज, आणि पत्र्यातून जिथे जिथे वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट. वायरीच्या टोकाचे लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबा, हातोडीने ठोकून नाही. पंपाचा अर्थ रंग खरवडून थेट चासीला द्या आणि डिकीतली बॅटरीची अर्थ पट्टीही साफ करा. परतीच्या वाटेचा व्होल्टेज ड्रॉप सगळे विसरतात.
मोठ्या वायरीला रिले लागत नाही. मोटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक्स पंपाच्या पोटातच असतं. रिले हवा तो बारीक ‘चालू हो’ वायरीला. पिनांची जागा मॉडेल आणि वर्षानुसार बदलते, त्यामुळे आपल्या पंपाच्या नंबराचाच डायग्राम बघून जोडा.

तेलकट_हात
वीज झाली, आता तेल. दोन्ही पंप हिरव्या सिंथेटिक हायड्रॉलिक तेलासाठी आहेत, सीएचएफ ११-एस जातीच्या. तुमच्या रॅकमध्ये लाल एटीएफ. माझं मत: पंपाचं तेल ते सिस्टिमचं तेल. हिरवं तेल कडाक्याच्या थंडीतही पातळ राहतं. उणे ४० ला एटीएफ त्याच्या दहापट घट्ट होतं. इंग्लंडात उणे ४० नाही, पण जानेवारीतल्या सकाळी एटीएफवर पंप कण्हतो आणि करंट जास्त ओढतो. दोन्ही मिसळू मात्र नका. रॅकच्या रिटर्नची नळी बाटलीत सोडा, स्टीअरिंग लॉक टू लॉक (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) फिरवून जुनं काढा, मग लिटरभर नवं तेल ओतून ते वाया घालवा. बाटलीत हिरवं उतरायला लागलं की थांबा. ब्रेक ऑइल चुकूनही नको, रॅकची सीलं फुगून बसतील.
प्रेशर लाइनला इंधनाचा ब्रेडेड पाइप किंवा क्लिप मारलेला रबरी पाइप घालणारे महाभाग आहेत. टोकाला चाक अडलं की दाब १०० बारच्या घरात जातो. पाइप सुटला तर तेलाचा फवारा एक्झॉस्टवर, पुढचं सांगायला नको. टेफ्लॉनच्या आतल्या नळीचा, डॅश ६ मापाचा ब्रेडेड पाइप घ्या किंवा हायड्रॉलिकवाल्याकडून मूळ पाइपची दोन टोकं जोडून प्रेस करून घ्या. पंपाच्या तोंडाला आणि रॅकला थ्रेड वेगळे असतात. थ्रेड गेज लावून मोजा, डोळ्याने अंदाज नको. रिटर्न लाइनला दाब जवळजवळ नसतो, तिथे तेलाला चालणारा साधा होस पुरतो, फक्त वळणात चिमटू देऊ नका.
तेलाची टाकी पंपाच्या डोक्यावरच असते, म्हणून पंप उभाच बसवायचा. मूळ रबरी बुश पंपासोबतच मागून घ्या. बुश न घालता थेट पत्र्याला बोल्ट मारलात तर अख्ख्या केबिनमध्ये भुंगा घुमतो. टर्बोच्या बाजूला अजिबात नको. विरुद्ध बाजूला, पुढच्या बंपरमागे, पाणी उडणार नाही असं बघून.
आणि हवा काढल्याशिवाय पंप चालू करू नका. तेल हेच त्या पंपाचं वंगण. पुढची चाकं जॅक स्टँडवर, पंप बंद, टाकी भरलेली, २० वेळा हळूहळू लॉक टू लॉक. मग दोन सेकंद चालू, अर्धा मिनिट बंद, असं पाच-सहा वेळा. टाकीत डोकावा. दुधाळ, चहावर येतो तसा फेस दिसला तर हवा आहे. तासभर तसंच ठेवा, बुडबुडे आपोआप वर येतात. घाईने फिरवत बसलात तर तो फेस पुन्हा रॅकमध्ये जातो.

रॅक_पिनियन
नळ्या जोडण्याबद्दल. तसं चालतं, पण पॉवरचा रॅक झपाट्याचा आहे, १५:१ (स्टीअरिंग १५ अंश फिरलं की चाकं १ अंश वळतात). बिनपॉवरच्या गाडीला १८:१ येतो. म्हणजे पॉवर गेली की तुम्ही जास्त जड गिअरिंग ओढत बसता. शिवाय आतला पिस्टन तेल ढकलत राहतो आणि पिनियनमधल्या टॉर्शन बारचा (पीळ घेणाऱ्या बारीक दांड्याचा) लवचिकपणा मधोमध ढिलेपणासारखा जाणवतो. नीट करायचं तर रॅक खोलून पिस्टनचं सील काढायचं आणि टॉर्शन बार वेल्ड करून पक्का करायचा. ट्रॅकवर, १८५ मिमी रुंदीच्या टायरवर ते बरं लागतं. २०५ चे चिकट टायर लावले की दंड भरून येतात.
तिसरा मार्ग कोर्सा सीच्या स्टीअरिंग कॉलममधली इलेक्ट्रिक मोटर. तेलाची भानगड नाही, पण कॉलम कापून वेल्ड करावा लागतो. प्रमाणित वेल्डर नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.
पंपाची खरी मर्यादा वेगळीच आहे. गतीचा सिग्नल मिळाला नाही तर व्होल्व्होचा पंप एकाच ठरावीक वेगाने फिरत राहतो. समजा पिस्टनचं क्षेत्र ८ चौ. सेंमी आणि एका फेऱ्यात रॅक साडेचार सेंमी सरकतो, म्हणजे ३६ सीसी. गाडी घसरली आणि तुम्ही सेकंदाला दीड फेरा उलटं फिरवलंत तर मिनिटाला सव्वातीन लिटर तेल लागलं. पंप तेवढं देत नसेल त्या क्षणी स्टीअरिंग हातात एकदम दगड होतं. बऱ्याच जणांना वाटतं रॅक अडकला. रॅक ठीक असतो, तेल कमी पडलेलं असतं. व्होल्टेज घसरला की हे आधी होतं, म्हणून वरची १६ ची वायर. उलट हायवेला तेच स्टीअरिंग नको इतकं हलकं वाटेल. कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) ५ अंशांच्या वर नेलात तर बराच फरक पडतो.

एनए_नव्वद
आभार. ‘चालू हो’ वायर इग्निशनवर देऊ की अल्टरनेटरच्या दिव्याच्या वायरीवर? आणि पार्किंगला इंजिन बंद पडेल का?

बारा_व्होल्ट
ट्रॅकला इग्निशनवर. अल्टरनेटरवर दिलीत तर गाडी फिरली, इंजिन बंद पडलं की नेमकं तेव्हाच स्टीअरिंग जड. फक्त अशी लाइन निवडा जी स्टार्टर फिरताना तुटते, नाहीतर सुरू करतानाच पंप बॅटरी ओढेल. पिटमध्ये चावी ऑन ठेवून गप्पा मारायच्या नाहीत, एवढं पथ्य. किल स्विचने (गाडीची सगळी वीज एकदम तोडणाऱ्या बटणाने) पंपाची मोठी वायरही तुटली पाहिजे.
बंद पडण्याबद्दल: मूळ पंपावर एक प्रेशर स्विच असतो, चाक वळवलं की ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) सांगून आयडल उचलणारा. पंपाबरोबर तो फेकू नका. अ‍ॅडॅप्टर लावून नव्या प्रेशर लाइनमध्ये बसवा, वायर तीच. शेवटी गाडी जमिनीवर ठेवून, क्लॅम्प मीटर मोठ्या वायरीवर, दुसरा मीटर थेट पंपाच्या टर्मिनलवर. पूर्ण लॉकला ११.५ व्होल्टच्या खाली गेलं तर आधी अर्थ तपासा, मग बॅटरी. लॉकवर पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका.

तेलकट_हात
आणि तेव्हाच खाली पुठ्ठा अंथरून ठेवा. हिरवा थेंब पडला तर लगेच दिसतो. एमओटीवाल्याला (इंग्लंडातली गाडीची सक्तीची तपासणी करणाऱ्याला) गळती आधी दिसली तर गाडी नापास.