एल्कची पिन सहाशे डॉलरला: घ्यावी का, आणि कुणी विकावी तरी का?

फिनिक्सचा_पाहुणा (धागाकर्ता)

मंडळी, आधी पार्श्वभूमी. मी मूळ साताऱ्याकडचा, राहतो ॲरिझोनात. इथे एल्कची (सांबरासारखं मोठं अमेरिकन हरीण) शिकार करायची तर राज्याच्या सोडतीत टॅग, म्हणजे एका जनावराचा परवाना, लागावा लागतो. फेब्रुवारीत अर्ज, मार्चमध्ये निकाल, नाही लागला तर पुढच्या सोडतीत संधी वाढवणारा एक पॉइंट जमा. असे अकरा पॉइंट साठवल्यावर यंदा मला युनिट 9 या शिकारक्षेत्रात नर एल्कचा टॅग लागला. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिणेला टुसायानच्या आसपासचं रान, रायफलने, थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला सात दिवस. बायको म्हणाली, म्हाडाची लॉटरी लागल्यासारखा नाचू नकोस.

नाचलोच. एका शिकाऱ्यांच्या गटात लिहूनही टाकलं. दोन दिवसांत अनोळखी माणसाचा मेसेज आला: तीन मोठे नर, प्रत्येकाचे फोटो, कुठल्या तारखेला कुठे दिसले त्याच्या नकाशावरच्या पिना. तिन्ही मिळून सहाशे डॉलर. पंधराशे दिले तर 'फक्त तुम्हालाच', दुसऱ्या कुणाला विकणार नाही. नमुना म्हणून एक फोटो पाठवला, जागा झाकून. काय जनावर आहे! डाव्या शिंगाचं कपाळाजवळचं टोक मोडलेलं, खांद्यापर्यंत चिखल, पाण्यातून नुकतंच तोंड वर काढलेलं, हनुवटीवरून पाणी गळतंय आणि थेट माझ्याकडे बघतोय. रात्री दोनदा उठून पाहिला तो फोटो.

तरी मी घेणार नाही. गाइड ठेवायला माझी हरकत नाही. गाइड त्याचं कसब विकतो, दिवसभर सोबत चालतो, मारलेलं जनावर खांद्यावरून उतरवतो. हा माणूस एका ठरावीक जनावराचा पत्ता विकतोय, आणि जनावर त्याचं नाहीच. इथल्या कायद्यात रानातलं जनावर सगळ्या जनतेचं, राज्य फक्त विश्वस्त. मग त्याचा पत्ता विकणं म्हणजे जनावरच विकणं नाही का? तुमचं काय मत?

कोल्हापुरी_इन_कोलोरॅडो

पाहुणे, अकरा वर्षं थांबलात आणि आता सहाशे डॉलरला अडलात होय! 

दलाल घर दाखवतो, घर त्याचं असतं का? दलाली घेतोच ना. तो गडी उन्हाळाभर डिझेल जाळून पहाटे चारला टेकडीवर दुर्बीण लावून बसला असेल. त्याचे पैसे घेतो. तुम्हाला ऑफिसातून रजा किती, आठ दिवस? फिनिक्सहून साडेतीन तास गाडी मारून प्रत्येक शनिवारी टेहळणीला जाणार आहात? पोरांचे क्लास आहेत, सासूबाई आल्यात, मला सगळं माहितीय.

गाइडला पाच-सात हजार मोजले तर चालतं आणि सहाशेची पिन घेतली की पाप? म्हणजे नीतिमत्ता पैसेवाल्यालाच परवडणार. पिन घेणारा बिचारा गरीब शिकारी असतो हो.

मीनल_बोझमन

कोल्हापुरी, दलालाचं उदाहरण चुकलं. दलाल घरमालकाच्या संमतीने घर दाखवतो. इथे मालक म्हणजे मी, तुम्ही, फिनिक्सचे पाहुणे आणि ज्याला टॅग लागला नाही तो शेजारी. आमच्यापैकी कुणी या माणसाला मुखत्यारपत्र दिलंय?

हा मुद्दा हवेतला नाही. आज ॲरिझोनात जे एल्क दिसतात ते मूळचे तिथले नव्हेतच. तिथले मूळ एल्क एकोणिसाव्या शतकाअखेरीस संपले. 1913 साली यलोस्टोनहून 83 एल्क रेल्वेने विन्स्लोला आणून सोडले, त्यांची ही प्रजा. साऱ्या देशातच एकोणिसाव्या शतकात मांस, कातडी, शिंगं, पिसं यांचा बाजार होता. ज्याला भाव, ते रानातून गायब. म्हणून 1900 मध्ये बेकायदा मारलेल्या जनावरांचा राज्याराज्यांतला व्यापार रोखणारा लेसी कायदा आला, म्हणून रानातल्या मांसाची विक्री बंद झाली. मी मारलेल्या एल्कचं शंभर किलो मांस मी शेजाऱ्याला फुकट देऊ शकते, विकू शकत नाही. तुकडा विकायला बंदी आणि अख्ख्या जिवंत जनावराचा पत्ता मात्र खुशाल विका, हे मला पटत नाही. जिथे भाव लागतो तिथे बाजार येतोच, मग माल मांस असो की माहिती.

दुसरं, थिओडोर रूझवेल्टने (पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तो) मित्रांसोबत 1887 मध्ये बून अँड क्रॉकेट हा शिकाऱ्यांचा क्लब काढला. 'फेअर चेस' हा शब्द त्यांनीच रुळवला. मराठीत सांगायचं तर जनावराला निसटायची खरीखुरी संधी हवी. पिन घेऊन गेलात तर निसटायला जागा किती उरते?

कोल्हापुरी_इन_कोलोरॅडो

निसटायला? मीनलताई, पिन म्हणजे खुंटी नव्हे, एल्क तिला बांधलेला नसतो. सप्टेंबरात माजावर आलेला नर आरोळ्या ठोकत माद्यांमागे फिरतो, तेव्हा तो आज इथे तर उद्या आठ मैलांवर. ऑगस्टची पिन नोव्हेंबरात रद्दी. मी स्वतः एकदा मित्राने दिलेल्या (फुकट दिलेल्या, नोंद घ्या) जागेवर तीन दिवस थंडीत कुडकुडलो. दिसलं काय, तर एक साळिंदर.

मीनल_बोझमन

रद्दी असेल तर सहाशे का घेतो?

आणि पाहुण्यांची शिकार माजानंतरची आहे, हे विसरलात. माज ओसरला की थकलेले मोठे नर कळप सोडून अडचणीच्या घळीत एकटे-दुकटे जाऊन बसतात आणि फार हलत नाहीत. उशिराच्या हंगामात सगळं कौशल्य ती घळ शोधण्यातच असतं. ताजी पिन असेल तर उरतं ते फक्त चाप ओढणं.

शाकाहारी_सदाशिव

मुळात निष्पाप जिवाला मारायचंच कशाला? पिनेवर चर्चा करणं म्हणजे चोरी करायला जाताना चपला काढून जावं का, यावर वाद घालणं.

मीनल_बोझमन

सदाशिवराव, तुमच्या मताचा आदर आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. इतकंच सांगते: इथे रायफल आणि काडतुसांवर कर बसतो, आज तो 11 टक्के आहे, आणि 1937 च्या कायद्यानुसार तो राज्यांना वन्यजीवांसाठी मिळतो. ज्या एल्कचा तुम्हाला कळवळा आहे त्याच्या कुरणाचा खर्च बऱ्याच अंशी शिकारीच भरतात.

चांद्याचा_जिप्सीवाला

बाप्पा, म्या हा धागा वाचून हासू का रडू समजंना.

आमच्या आज्याच्या टायमाले इकडं साहेब लोकं वाघ माराले येत. वाघानं बैल मारला का गावातला मानूस धावत जाऊन 'गारा झाला' म्हणून खबर देये. त्याले बक्षीस भेटे. मंग गाऱ्यावर मचान, हाक्याले पन्नास गडी, आन् साहेब वर बसून गोळी घाले. फोटोत साहेब आन् वाघ. खबर देनारा फोटोत कधीच नाई. तो माहितीच विकत होता ना? त्याले कोनी अनीतिमान नाई म्हटलं, कारन तो गरीब होता. पुढं 1972 चा कायदा आला, तो धंदा बंद झाला.

आता आमी वाघ दाखवतो, मारत नाई. पन गिऱ्हाईक टिप देते वाघ दिसला तरच. मंग काय होते? एका गाडीले वाघ दिसला का दहा गाड्या पळतात. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठनगावले 31 डिसेंबर 2024 ले काय झालं ते पेपरात आलंच. वाघीन आन् तिचे पाच पिल्लं, दोन्हीकून जिप्स्यांनी कोंडले. नागपूरच्या हायकोर्टानं सोताहून दखल घेतली. तिथं बंदूक नव्हती, फकस्त क्यामेरे होते. जनावराचा पत्ता पैशाले लागला का असं होते. माहा धंदा आहे तरी सांगतो.

कोल्हापुरी_इन_कोलोरॅडो

भाऊ, मानलं तुम्हाला. पण तुमच्याच गोष्टीत माझा मुद्दा आहे. खबर देणारा गरीब, त्याला बक्षीस मिळालं तर बिघडलं काय? इथला पिन विकणाराही शिकारीच्या सहली चालवणारा कुणी मोठा आउटफिटर नसावा. एखाद्या रँचवर राबणारा, लाकूड तोडणारा गडी असेल. रान त्याला ठाऊक, टॅग मात्र शहरातल्या इंजिनिअरला. त्याने चार पैसे मिळवले तर तुमच्या विश्वस्तांचं काय गेलं?

वायोमिंगमध्ये तर बाहेरच्या शिकाऱ्याला ठरवून दिलेल्या वाइल्डरनेस भागात गाइडशिवाय शिकारच करता येत नाही. म्हणजे कायदाच सांगतो, स्थानिकाचं ज्ञान पैसे देऊन घ्या!

मीनल_बोझमन

हा मुद्दा वजनदार आहे, टाळत नाही. स्थानिकाला पैसे मिळावेत, नक्की मिळावेत. पण या बाजारात शेवटी गरीब टिकत नाही. युटाचं उदाहरण घ्या. 2008 मध्ये मन्रो माउंटनवर विक्रमी एल्क मारला गेला, शिंगांचं माप 478 इंचांच्या वर. शिंगांच्या जाळ्यामुळे त्याला 'स्पायडर बुल' म्हणतात. मारणाऱ्याचा टॅग लिलावात घेतलेला, आणि जनावरामागे टेहळणीची माणसं कित्येक दिवस लागलेली. कायदा मोडला असं काही निघालं नाही, विक्रमही मान्य झाला. पण शिकाऱ्यांमध्येच जी जुंपली ती अजून मिटलेली नाही: हा एल्क शिकाऱ्याने मारला की पगारी डोळ्यांनी? गरीब टेहळ्याचं नाव तिथेही कुणाला आठवत नाही. चांद्याच्या भाऊंनी तेच सांगितलं.

दुर्बीण_आणि_भाकरी

उशिरा आलो. टूसॉनला राहतो, पंधरा वर्षं इथे हरणं आणि हावेलिना (रानडुकरासारखं इथलं जनावर) बघतोय.

नीती राहू द्या बाजूला, पाहुणे, फोटो परत नीट बघा. तुम्ही लिहिलंय की जनावर थेट तुमच्याकडे बघतंय आणि हनुवटीवरून पाणी गळताना दिसतंय. मला तीन गोष्टी सांगा. फोटो कमरेच्या उंचीवरून आहे का? कडेला एखादं गवताचं पातं मोठं आणि धूसर दिसतंय का? खाली पट्टी कापल्यासारखी वाटतेय का?

फिनिक्सचा_पाहुणा

आत्ता बघितला. उंची कमरेइतकी. डाव्या कोपऱ्यात एक जाड हिरवी रेघ आहे, ती फांदी समजत होतो. आणि हो, फोटो खालून कापलाय, पाय अर्धेच दिसतात.

दुर्बीण_आणि_भाकरी

मग तो दुर्बिणीतून काढलेला नाही. पाणवठ्यावर खांबाला बांधलेल्या ट्रेल कॅमेऱ्याचा आहे, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचा. खालच्या पट्टीवर तारीख, वेळ, तापमान असतं, ती कापलीय. ॲरिझोनात 1 जानेवारी 2022 पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरा वापरायला बंदी आहे. कारणही पाणवठेच. या कोरड्या मुलखात गुरांसाठी खोदलेलं एखादं तळं सोडलं तर मैलोन् मैल पाणी नाही. एकेका तळ्यावर डझनभर कॅमेरे बांधलेले मी पाहिलेत, आणि ते तपासायला रोज कुणी ना कुणी गाडी घेऊन येणार. जनावर प्यायला यायचंच बंद करतं.

युटाने तर नेमका तुमच्या धाग्याचा विषयच नियमात घातला. 31 जुलै ते 31 डिसेंबर शिकारीसाठी कॅमेरे बंद, शिवाय मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी ट्रेल कॅमेऱ्याचे फोटो आणि ठिकाणांची माहिती विकायलाही बंदी, विकत घ्यायलाही. घेणाराही दोषी, हे महत्त्वाचं.

कोल्हापुरी_इन_कोलोरॅडो

बरं, कॅमेऱ्याचं असेल तर मी मागे घेतो, बेकायदा ते बेकायदा. पण समजा, उद्या कुणी निव्वळ डोळ्यांनी पाहून पिन विकली, तर? माझं मत कायम. नकाशाच्या ॲपला वर्षाची वर्गणी भरून कुठली जमीन कुणाची ते विकत घेता, तेव्हा कुणाला फेअर चेस आठवत नाही.

मीनल_बोझमन

जमीन पळून जात नाही, कोल्हापुरी. नकाशा सगळ्यांना सारखाच मिळतो आणि त्यावर एल्क नसतो.

घुबडाचं घरटं कुठे आहे हे पक्षीनिरीक्षकसुद्धा उघड सांगत नाहीत. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर संवेदनशील पक्ष्यांच्या नोंदींची नेमकी जागा लपवतात, आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण मुद्दाम ढोबळ करतात. आणि ही मंडळी तर मारायला जात नाहीत.

फिनिक्सचा_पाहुणा

अपडेट देतो. मी त्या माणसाला इतकंच विचारलं, 'फोटो कशाने काढला?' उत्तर नाही, थेट ब्लॉक.

गेल्या शनिवारी बायकोला घेऊन युनिट 9 मध्ये जाऊन आलो. पहाटे पाचला एका तळ्याच्या वरच्या कड्यावर बसलो. उजाडल्यावर दिसल्या रँचवरच्या चौदा गाई. मग अजून सहा. नऊच्या सुमाराला एल्कचे दोन कोवळे नर, शिंगांना फाटासुद्धा नाही. बायकोने डब्यातली थालिपीठं काढली आणि म्हणाली, सहाशे डॉलरमध्ये दोन वेळा पुण्याला फोन करून आईला विचारता आलं असतं, ती नवस तरी बोलली असती. (तिला कोण सांगणार फोन आता फुकट असतो.)

खरं सांगतो, घरी येताना वाटलं, घ्यायला हवी होती पिन. कोल्हापुरींच्या बोलण्यात दम आहे. नोव्हेंबरपर्यंत मला अजून दोनच शनिवार मोकळे आहेत.

दुर्बीण_आणि_भाकरी

गाई असलेल्या तळ्यावर मोठा नर दिवसा येत नाही, तिथे वेळ घालवू नका. पाण्यापासून मैल-दीड मैल लांब, जुनिपरची दाट झाडी जिथे उताराला लागते ती उत्तरेची बाजू धरा. सकाळी सूर्य पाठीमागे राहील असे बसा, म्हणजे शिंगं चमकतात. पहिला तास हलू नका, एकेक झाड बघा.

कोल्हापुरी_इन_कोलोरॅडो

हे फुकट सांगितलंत, दुर्बीणराव. याचे दोनशे घेतले असते तर मीनलताईंनी काय म्हटलं असतं?

मीनल_बोझमन

काही नाही म्हटलं असतं. त्यांनी उतार कसा बघायचा ते शिकवलं, कुठल्या उतारावर कोण बसलंय ते नाही.

चांद्याचा_जिप्सीवाला

ताई, आमच्या इकडं दोन्हीची टिप सारखीच भेटते.

फिनिक्सचा_पाहुणा

माझी दुर्बीण 10 बाय 42 आहे, हात थरथरतो. ट्रायपॉडवर बसवायला अडॅप्टर कुठला घेऊ?